सगळ्यांचंच मेल एकदम अडकलं, तर स्पॅम फिल्टरकडे बघा

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात, खडेबाजारातल्या होलसेल पेढीवर किंवा खानापूर रोडवरच्या एखाद्या पतसंस्थेत ‘कॉम्प्युटरचं बघणारा’ असा एकच माणूस असतो. बिलिंग सॉफ्टवेअर, प्रिंटर, वायफाय, मेल, सगळं त्याच्याच गळ्यात. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. मेलच्या तक्रारींत सगळ्यात चकवणारी तक्रार त्याला माहीत असते: सकाळी सगळं ठीक चाललेलं असतं, मग अकाउंट्समधून फोन येतो, मागोमाग स्टोअरमधून, मग खुद्द मालकांचा. “मेल येईना झालंय की!” कुणाला मेल तासाभराने मिळतं, कुणाला एकच मेल तीनदा येतं, कुणाच्या इनबॉक्समध्ये लॉटरी लागल्याची पत्रं थेट येऊन पडतात. तो बिचारा टेबलाटेबलाशी जाऊन पासवर्ड पुन्हा घालतो, आउटलुक काढून परत टाकतो, अँटिव्हायरस बंद करून बघतो. संध्याकाळ होते आणि दुखणं जिथल्या तिथे.

एकाच वेळी अनेक खाती अडकली, तर त्या सगळ्यांच्या वाटेत सामाईक काय आहे तेवढंच हुडकायचं. येणाऱ्या मेलच्या वाटेत असा सामाईक टप्पा बहुतेक वेळा स्पॅम फिल्टरचा असतो.

त्याआधी दोन शक्यता बाजूला काढा, कारण त्या फिल्टरसारख्याच दिसतात. मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच खातं उघडा. तिथे झटक्यात उघडलं आणि ऑफिसात उघडत नसेल, तर फिल्टर निर्दोष आहे. ऑफिसातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. डिस्पॅचच्या जुन्या पीसीत जुना पासवर्ड राहून गेला असेल, तर तो पीसी दर काही मिनिटांनी तोच चुकीचा पासवर्ड सर्व्हरला देत राहतो. फेल-टू-बॅन हा पहारा ठेवणारा प्रोग्राम मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ चुका मोजतो आणि तो पत्ता १० मिनिटांसाठी बंद करतो. पत्ता अख्ख्या ऑफिसचा असल्याने शिक्षा सगळ्यांना होते. मग १० मिनिटांनी मेल आपोआप सुरू होतं, पुन्हा बंद पडतं, आणि कुणाला काही कळत नाही. दुसरी शक्यता ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ नावाच्या खात्याची. असं एकच खातं चौघांच्या पीसीवर लावलेलं असतं. थंडरबर्ड एका खात्यासाठी ५ जोडण्या धरून ठेवतं, आणि डव्हकॉट हा मेलपेट्या सांभाळणारा सर्व्हर एका खात्याला एका पत्त्यावरून मूळ सेटिंगमध्ये १० च जोडण्या देतो. म्हणजे दोन पीसींतच कोटा संपला. तिसरा आणि चौथा नुसते फिरत राहतात. थंडरबर्डमधल्या जोडण्या २ वर आणल्या की काम झालं.

हे दोन्ही नसेल तर मेलचा मथळा (हेडर) उघडा. पूर्ण मथळा, ज्यात ‘रिसीव्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. कुरिअरच्या पाकिटावर प्रत्येक केंद्राचा शिक्का बसत जावा तशा या ओळी मेल ज्या ज्या सर्व्हरमधून आलं त्याची वेळ लिहितात. फक्त नवीन ओळ वर बसते, म्हणून वाचायचं खालून वर. समजा पुण्याच्या ग्राहकाच्या सर्व्हरने ११:४२:१० ला मेल सोडलं आणि तुमच्या सर्व्हरवरच्या दोन ओळींमध्ये ११:४२:१२ आणि ११:४७:१३ अशा वेळा दिसल्या. तर वाट पुण्यात अडली नाही, तुमच्या दारात आल्यावर अडली, आणि ती ५ मिनिटं अडली. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. वेळा मोजताना शेवटचं +०५३० किंवा -०७०० बघून मोजा, नाहीतर अमेरिकेतला सर्व्हर साडेबारा तास मागे दिसून भलताच गुन्हेगार सापडतो.

त्याच मथळ्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ही ओळ आहे का बघा. फिल्टरने मेल तपासलं की ती ओळ लागते, मेल चांगलं असो वा वाईट. लहानशा मेलवर ती ओळच नसेल, तर फिल्टरने ते मेल पाहिलेलंच नाही. लॉटरीची पत्रं आत येतात ती अशीच.

मेल येतं तेव्हा आत काय होतं

आपल्याकडच्या बहुतेक लहान होस्टिंगवर आणि स्वतःच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन नावाचा मोफत फिल्टर असतो. २००१ पासून तो आहे, पर्ल भाषेत लिहिलेला आहे, आता अपाची फाउंडेशनकडे आहे. तो प्रत्येक मेलला गुण देतो: संशयास्पद मजकुराला इतके, पाठवणाऱ्याचा पत्ता काळ्या यादीत असेल तर इतके. बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली की मेल स्पॅम. सर्व्हरवर ‘स्पॅम-डी’ हा प्रोग्राम सतत चालू असतो आणि आपल्या हाताखाली काही कामगार ठेवतो. सेटिंगच्या भाषेत त्यांना ‘चिल्ड्रन’ म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ५. एका कामगाराकडे एका वेळी एकच मेल.

इथे थोडं गणित करू, कारण सगळं कोडं या गणितात सुटतं. एक मेल तपासायला २ सेकंद लागत असतील, तर ५ कामगार मिनिटाला १५० मेल तपासतील. चाळीस माणसांच्या ऑफिसला हे भरपूर झालं. आता काही कारणाने त्याच मेलला १५ सेकंद लागू लागले, तर तेच ५ कामगार मिनिटाला २० च मेल उरकतील. मेल तेवढीच येतात, माणसं तीच, सर्व्हर तोच, तरी रांग वाढत जाते. आणि एखादा कामगार ३०० सेकंद एकाच मेलवर अडकला, तर तेवढा वेळ उरलेल्या चौघांवर सगळा भार. असे पाच कामगार अडकले की दार बंद. तेव्हा अडकणारं खातं एकाचं असतं आणि थांबावं सगळ्यांना लागतं, कारण रांग एकच आहे. अकाउंट्सचं मेल का थांबलं याचं उत्तर स्टोअरच्या खात्यात सापडू शकतं, ते यामुळे.

लॉगमध्ये हे स्पष्ट लिहून येतं: सर्व्हर मॅक्स-चिल्ड्रन मर्यादेला पोचला, ती वाढवण्याचा विचार करा. ही ओळ वाचून लोक लगेच ५ चे २० करतात. थांबा, त्याकडे येऊ.

एक दिलासा आधी देतो, कारण मालक पहिला प्रश्न तोच विचारतात: गेलेलं मेल गेलं का? बहुतेक वेळा नाही. फिल्टरने वेळेत उत्तर दिलं नाही तर पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये पाठवणाऱ्याला ‘तात्पुरती अडचण, नंतर या’ असं सांगतो. समोरचा सर्व्हर मेल आपल्याकडे ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो; पोस्टफिक्स स्वतः अशी मेल ५ दिवस धरून ठेवतो. तीनदा येणाऱ्या मेलचं कारणही इथेच आहे. मेलचा शेवट पाठवल्यावर पावतीसाठी १० मिनिटं थांबावं असा मेलच्या जगाचा नियम आहे, पण सगळे सर्व्हर तेवढा धीर धरत नाहीत. आपला फिल्टर रेंगाळतो, समोरचा कंटाळून फोन ठेवतो, त्यानंतर आपल्याकडे मेल स्वीकारलं जातं. समोरच्याला ते कळलेलंच नसतं, म्हणून तो पुन्हा पाठवतो.

वेळ खातंय कोण

पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर घ्या. फिल्टर प्रत्येक मेलसाठी बाहेरच्या काळ्या याद्यांना विचारतो की हा पत्ता तुमच्याकडे नोंदलाय का. हे विचारणं डीएनएसमधून होतं आणि उत्तराची वाट बघण्याची मूळ मर्यादा १५ सेकंद आहे. एखादीच यादी गप्प असेल तर फिल्टर हुशारीने ती मर्यादा आखडती घेतो, कारण बाकीची उत्तरं आलेली असतात. पण डीएनएस सर्व्हरच गप्प असेल तर पूर्ण १५ सेकंद जातात, आणि ते प्रत्येक मेलला जातात.

आपल्याकडे हे का होतं ते सांगतो. सर्व्हर ऑफिसातच असेल तर त्याला डीएनएस म्हणून बऱ्याचदा ब्रॉडबँडवाल्याचा राउटर किंवा गूगलचा ८.८.८.८ लावलेला असतो. घरगुती राउटर एका मेलमागे उठणाऱ्या डझनावारी प्रश्नांसाठी बनवलेला नाही. आणि स्पॅमहाउससारख्या याद्या सार्वजनिक डीएनएसवरून आलेल्या फुकट प्रश्नांना खरं उत्तर देतच नाहीत, कारण अशा ठिकाणाहून लाखो लोकांचे प्रश्न एकत्र येतात आणि कोण विचारतंय ते कळत नाही. शिवाय जुन्या सेटिंगमध्ये मेलेल्या याद्या राहून जातात. सॉर्ब्स ही जुनी, एके काळी घरोघरी वापरली जाणारी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. हाताने घातलेल्या नियमांत तिचं नाव अजून असेल तर आजच काढा.

तपासायला सोपं आहे. सर्व्हरवर जाऊन ‘डिग’ या आज्ञेने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव विचारा (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी मुद्दाम याद्यांत ठेवलेला असतो, तो उलटा लिहून विचारायचा. उत्तर १२७.०.०.२, १२७.०.०.४ अशा घरातलं आलं तर ठीक. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर त्याचा अर्थ: तुम्ही सार्वजनिक डीएनएसवरून विचारताय, उत्तर मिळणार नाही. काहीच न येता आज्ञा लटकली, तर चोर सापडला. उपाय म्हणजे सर्व्हरवरच ‘अनबाउंड’ हा छोटा, मोफत डीएनएस प्रोग्राम बसवायचा, त्याला कुणाकडेही प्रश्न पुढे ढकलू द्यायचे नाहीत, आणि स्पॅमअसॅसिनला १२७.०.०.१ वरच विचारायला सांगायचं. एकदा मिळालेलं उत्तर तो काही काळ लक्षात ठेवतो, त्यामुळे त्याच ग्राहकाच्या पुढच्या मेलला फारसा वेळ लागत नाही. अनेक खात्यांचा टाइमआउट (ठरलेल्या मुदतीत काम न होणं) एवढ्यावर सुटतो, म्हणून माझा आग्रह आहे की हे सगळ्यात आधी करा.

पावसाळ्यात याला एक जोड मिळते. लाईन गेली, इंटरनेट तासदोन तास बंद राहिलं, की बाहेर अडकलेली सगळी मेल लाईन आल्यावर एकदम दारात येतात. नेमका तेव्हा राउटर अजून पूर्ण जागा झालेला नसतो. जास्त मेल आणि मंद डीएनएस एकत्र आले की ५ कामगार काही मिनिटांत भरतात. सर्व्हरवरच अनबाउंड असेल तर तो फटका बराच सौम्य होतो.

दुसरा संशय फिल्टरच्या शिकलेल्या शब्दांवर, म्हणजे ‘बेज’ या शिकण्याच्या पद्धतीच्या वह्यांवर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘एका खात्यामुळे सगळ्यांना ताप’ ही गोष्ट इथेच डोळ्यांनी दिसते.

स्पॅमअसॅसिन कोणते शब्द चांगल्या मेलमध्ये येतात आणि कोणते वाईट मेलमध्ये, याची नोंद ठेवत जातो. अनेक सर्व्हरांवर प्रत्येक खात्याची वही वेगळी, त्या खात्याच्या ‘डॉट स्पॅमअसॅसिन’ फोल्डरमध्ये. वही सुमारे दीड लाख नोंदींपुढे गेली की जुने शब्द पुसायचे असतात, आणि मूळ सेटिंगमध्ये हे काम भर दिवसा, एखादं मेल तपासता तपासताच निघतं. त्या बिचाऱ्या मेलच्या कामगाराला वहीला कुलूप लावून नवी वही लिहून काढावी लागते. सर्व्हरची डिस्क मंद असेल किंवा खात्याला दिलेल्या जागेचा कोटा भरत आलेला असेल, तर ते काम ३०० सेकंदांत पुरं होत नाही. कामगाराला मिळणारी मूळ मुदत तेवढीच. ती संपली की स्पॅम-डी त्याला मारतो. मथळ्यातली ती ५ मिनिटं इथली.

पुसणं अर्धवट राहिल्याने वही अजून मोठीच असते. पुढचं मेल आलं की नवा कामगार तेच काम पहिल्यापासून सुरू करतो आणि तोही ३०० सेकंदांनी मारला जातो. त्या फोल्डरमध्ये लपलेल्या फायलींसह यादी काढली की खूण मिळते: ‘बेज-टोक्स’ नावाची मूळ फाइल, आणि तिच्या शेजारी ‘बेज-टोक्स डॉट एक्स्पायर’ आणि पुढे आकडा, अशा फायलींची लांबच लांब रांग, प्रत्येक काही एमबींची. यातली प्रत्येक फाइल म्हणजे अर्ध्यावर मेलेला एक कामगार. शिवाय या फायलींनी कोटा आणखी भरतो, म्हणजे पुढचा प्रयत्न आणखी अवघड. बहुधा हे खातं दहा वर्षं जुनं, सगळ्यात जास्त मेल येणारं, कधीही साफ न केलेलं असतं.

उपाय असा. स्पॅम-डी थांबवा, त्या अर्धवट ‘एक्स्पायर’ फायली काढून टाका (मूळ ‘टोक्स’ आणि ‘सीन’ या फायलींना हात लावू नका), सेटिंगमध्ये ‘बेज ऑटो एक्स्पायर’ शून्य करा, आणि रात्री दोन-तीनला प्रत्येक खात्यासाठी ‘एसए-लर्न’ या आज्ञेला सक्तीने एक्स्पायर करायला सांगणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. तेव्हा मेल कमी असतात, आणि काम १० मिनिटं चाललं तरी कुणाच्या वाटेत येत नाही.

याऐवजी सगळ्यांची मिळून एकच वही ठेवावी का? लहान ऑफिसात माझं मत हो असं आहे. फिल्टर २०० चांगली आणि २०० वाईट मेल शिकल्याशिवाय वहीचा उपयोगच करत नाही, आणि स्टोअरच्या खात्यावर तेवढी मेल यायला वर्ष जातं. पण एकत्र वही साध्या फाइलीत ठेवू नका, सगळे कामगार एकाच कुलपापाशी ताटकळतील. ती रेडिससारख्या डेटाबेसमध्ये ठेवा. तिथे न वापरलेल्या शब्दांना मूळ सेटिंगमध्ये ३ आठवड्यांची मुदत असते आणि ते आपोआप गळून जातात, पुसण्याची भानगडच नाही.

मात्र बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या ऑफिसांत एकत्र वहीचा एक धोका आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे एकाच ऑफिसात ग्राहकांशी पत्रव्यवहार मराठीत आणि इंग्रजीत चालतो, आणि सरकारी कार्यालयांची, बँकेची बरीच पत्रं कन्नडमधून येतात. कन्नड वाचता न येणारा एखादा जण समजत नाही म्हणून ती मेल ‘स्पॅम’ बटण दाबून उडवत राहिला, तर सामाईक वहीत कन्नड शब्दांवर वाईट शिक्का बसत जातो. काही दिवसांनी अकाउंट्सला हवी असलेली नोटीस जंकमध्ये जाऊन पडते आणि मुदत टळते. तेव्हा एकत्र वही करताना शिकवण्याचा अधिकार एकदोघांकडेच ठेवा, तिन्ही भाषा वाचणाऱ्यांकडे. बाकीच्यांनी नको असलेलं मेल नुसतं डिलीट करावं.

तिसरं कारण मोठी मेल. कास्टिंगचं ड्रॉइंग आणि स्कॅन केलेल्या ऑर्डरी मेलमधून जाताना मूळ फाइलीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने फुगतात. स्पॅम पाठवणारा सहसा १५ एमबीचं मेल पाठवत नाही. म्हणून स्पॅम-सी हा मेल स्पॅम-डीकडे नेणारा निरोप्या ५०० केबीपुढचं मेल न तपासताच सोडतो. ‘सगळं तपासलं पाहिजे’ म्हणून कुणी ही मर्यादा वाढवून ठेवली असेल तर परत खाली आणा.

कामगार वाढवायचे का, मुदत वाढवायची का

आता त्या ५ च्या २० कडे येऊ. एक कामगार साधारण ८० ते १०० एमबी मेमरी खातो. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्राम सोबत असेल तर तो एकटाच १ जीबीच्या पुढे जातो. २ जीबीच्या सर्व्हरवर २० कामगार केले की मेमरी संपते, सर्व्हर डिस्कवर लिहू-पुसू लागतो आणि २ सेकंदांचं मेल २० सेकंदांचं होतं. म्हणजे आधी डीएनएस आणि वह्या नीट करा, मग मोकळी मेमरी बघा, तिला १०० एमबीने भागा आणि त्याहून दोन-तीन कमी कामगार ठेवा. मेल सर्व्हर फिल्टरकडे एका वेळी किती मेल सोडतो तो आकडाही कामगारांइतकाच ठेवा. मागे रांग लागली तर ती बाहेरच्या सर्व्हरकडे लागू दे, तिथे मेल सुरक्षित असतं.

टाइमआउटची मुदत वाढवणं हा उपाय मला मान्य नाही. त्याने कामगार आणखी जास्त वेळ अडकून राहतो. खरं तर ती कमी करायची, आणि आतली मुदत बाहेरच्यापेक्षा नेहमी लहान ठेवायची. डीएनएसला १० सेकंद, कामगाराला ९०, स्पॅम-सीला १२०, आणि मेल सर्व्हरला त्याहून जास्त. मूळ सेटिंगमध्ये स्पॅम-सी ६०० सेकंद थांबतो आणि पोस्टफिक्स मिल्टरमधल्या (मिल्टर म्हणजे मेल सर्व्हरला फिल्टर जोडण्याची सोय) फिल्टरसाठी ३००. हा क्रम उलटा असला की बाहेरचा आधीच निघून गेलेला असतो आणि आतला कुणासाठी काम करतोय हे त्यालाही माहीत नसतं.

तुमचं मेल भाड्याच्या होस्टिंगवर असेल तर यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही. तरीही सपोर्टला ‘मेल स्लो आहे’ एवढंच लिहू नका. उत्तर ‘कॅश क्लिअर करा’ असं येतं. अडकलेल्या दोन वेगवेगळ्या खात्यांवरच्या मेलचे पूर्ण मथळे पाठवा, कोणत्या दोन ओळींत किती सेकंद गेले ते दाखवा, आणि थेट विचारा: त्या वेळी स्पॅम-डी मॅक्स-चिल्ड्रनला पोचला होता का, सर्व्हर कोणता डीएनएस वापरतो, आमच्या खात्यांत एक्स्पायर फायली साचल्यात का. हे तीन प्रश्न वाचल्यावर तिकीट सहसा लॉग बघू शकणाऱ्या माणसाकडे जातं.

शेवटचा निर्णय मात्र तुमच्या मालकांसोबत बसून घ्या: फिल्टर पूर्ण बंद पडला तर मेल न तपासता आत घ्यायचं, की पाठवणाऱ्याला नंतर यायला सांगायचं? पोस्टफिक्सच्या मिल्टरला दोन्ही सांगता येतं. पतसंस्थेत खोटी लिंक असलेलं एक मेल कुणी उघडलं तर ठेवीदारांच्या पैशांशी गाठ आहे, तिथे ‘नंतर या’ हेच ठेवावं, मेल दोन तास उशिरा आलं तरी चालेल. फाउंड्रीत पुण्याच्या कंपनीची सकाळची ऑर्डर दुपारी कळून चालत नाही. तिथे न तपासता आत घ्या, पण त्याच क्षणी तुमच्या फोनवर सूचना येईल अशी सोय करा आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहा की फिल्टर सुरू झाल्याचं कळेपर्यंत कुणीही अटॅचमेंट उघडू नये.